दोन धातूंची साक्ष

परभणी जिल्ह्यात उन्हाविषयी बोलणे फार, आणि ते मोजणे त्या मानाने अलीकडचे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी भुई वैशाखात भेगाळते, मानवत-सेलूच्या बाजारपेठा दुपारी ओस पडतात, ऊन मी म्हणत असते. परंतु ते ऊन नेमके किती, हा प्रश्न शेती ही प्रयोगाची आणि नोंदवहीची बाब होईपर्यंत कोणास फारसा पडला नाही. निजामी अंमलात १९१८ साली परभणीस मुख्य प्रायोगिक क्षेत्र निघाले, त्यानंतर कुठे पेरणी, पाऊस आणि तापमान यांचा एकमेकांशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याची निकड या मुलखात भासू लागली.

उष्णतेचा अदमास ज्यांना रोजच्या धंद्यात घ्यावा लागे, ती माणसे त्याआधीही होती आणि ती गावोगावी होती. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम ज्याने पाहिले असेल, त्याला हे सहज पटेल. गोवऱ्यांच्या आरात धाव चोहोबाजूंनी सारखी तापवावयाची, काळ्या लोखंडावर गर्द तांबडी कळा चढली म्हणजे दोघातिघांनी सांडशींनी उचलून ती लाकडी चाकावर बसवावयाची, घणाचे चार ठोके घालावयाचे आणि लगोलग पाणी ओतावयाचे. धाव आवळते, आरे करकरतात आणि चाक वर्षानुवर्षांसाठी घट्ट होते. धाव कमी तापली तर चढत नाही आणि अधिक तापली तर चाकाचे लाकूड जाळते, म्हणून सारा भरवसा लोहाराच्या डोळ्यावर. पण जो रंग पहाटे झाडाखाली लालभडक दिसतो, तोच दुपारच्या उन्हात काळपट भासतो. आणि बापाच्या डोळ्यातील ही पारख मुलाच्या डोळ्यात उतरावयास वर्षे लागतात, कागदावर तर ती उतरतच नाही. पाऱ्याचा तापमापक येथे कामाचा नाही, कारण पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळू लागतो. तेव्हा त्यापुढच्या उष्णतेची खात्रीलायक नोंद कोणी द्यावी, हा प्रश्न परभणीच्या लोहारशाळेत जितका खरा होता, तितकाच तो युरोपातील टाकसाळींत आणि भट्ट्यांतही होता. त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे धातूमागून धातू पारखला. त्या पारखीचा हा वृत्तांत आहे.

पहिला नावाजलेला प्रयत्न एका कुंभाराचा. इंग्लंडातील जोशाया वेजवुड हा चिनी मातीच्या भांड्यांचा विख्यात कारखानदार. भट्टीच्या उष्णतेत मातीचे तुकडे आक्रसतात, हे त्याच्या रोजच्या पाहण्यात होते. ठरावीक मापाचे मातीचे तुकडे भट्टीत टाकून ते किती आक्रसले हे मोजावयाचे आणि त्यावरून उष्णतेचा आकडा काढावयाचा, अशी युक्ती त्याने १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. युक्ती चतुर होती, पण मोजपट्टी फसवी निघाली. आपल्या पट्टीवरील एक अंश म्हणजे १३० अंश फॅरेनहाइट, असा हिशेब त्याने बसविला होता. त्या हिशेबाने ओतीव लोखंड वितळण्याचे तापमान १७,९७७ अंश फॅरेनहाइट, म्हणजे जवळजवळ दहा हजार अंश सेल्सिअस निघे. ते प्रत्यक्षात बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. मातीचा प्रत्येक घाणा निराळा, तिचे आक्रसणे केवळ उष्णतेवर नव्हे तर ती किती वेळ तापली यावरही अवलंबून, आणि एकदा आक्रसलेला तुकडा पुन्हा प्रसरण पावत नाही. असे साधन दोन भट्ट्यांतील उन्नीसबीस सांगू शकते, उष्णतेचा खरा आकडा नव्हे.

यापुढील पाऊल पडले ते उष्णतेच्या शोधात नव्हे, तर चुंबकत्वाच्या. तारेतून विद्युत् वाहिली म्हणजे शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवून दिले आणि युरोपातील प्रत्येक प्रयोगशाळेत सुया हलू लागल्या. बर्लिनमध्ये काम करणारे टोमास योहान सेबेक यांनी पुढच्याच वर्षी तांब्याची पट्टी आणि बिस्मथ यांची टोके जोडून एक बंद कडे केले आणि त्याच्या पोटात सुई ठेवली. बोटांनी एक सांधा दाबला की सुई वळे. बोटांचा दाब हे कारण असावे असे प्रथमदर्शनी वाटण्यासारखे होते. पण तोच सांधा लांब कांडीने दाबला असता सुई स्वस्थ राहते, हे पाहिल्यावर कारण दाबात नसून बोटांच्या उबेत आहे, हे त्यांनी ओळखले. दोन भिन्न धातू, दोन सांधे आणि त्या दोन सांध्यांच्या तापमानांतील फरक, इतक्या सामग्रीवर विद्युत् वाहू लागते, हा शोध त्यांच्या हाती लागला होता. मात्र ती विद्युत् आहे, हे मान्य करण्यास सेबेक अखेरपर्यंत राजी नव्हते. उष्णतेने धातूच चुंबक बनतो असे त्यांचे मत होते, आणि पृथ्वीचे चुंबकत्वदेखील विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानभेदातून उपजत असावे, असा तर्क त्यांनी लढविला होता. तर्क टिकला नाही. पण निरनिराळ्या धातूंच्या जोड्या लावून कोणती जोडी सुई अधिक हलविते याची जी क्रमवारी त्यांनी चिकाटीने तयार केली, ती टिकली. धातूंची निवड हा प्रश्न शोधाच्या जन्माबरोबरच जन्मला तो असा.

या नव्या साधनाचा पहिला मोठा उपयोग मात्र उष्णता मोजण्यासाठी झालाच नाही. गेओर्ग ओहम विद्युतीचा नियम शोधीत होते, तेव्हा त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब घटकेघटकेला बदले आणि प्रयोग फिसकटे. तेव्हा त्यांनी १८२६ मध्ये बिस्मथ व तांबे यांची जोडी घेतली, एक सांधा बर्फात आणि दुसरा उकळत्या पाण्यात ठेवला. दोन्ही तापमाने निसर्गानेच पक्की केलेली, म्हणून विद्युत्दाबही पक्का. शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असलेला ओहमचा नियम एका तपयुग्माच्या (थर्मोकपलच्या), म्हणजे भिन्न धातूंच्या अशा जोडीच्या, आधाराने सिद्ध झाला आहे.

परंतु सर्वच जोड्या अशा सुशील नव्हत्या. केंब्रिजचे जेम्स कमिंग यांनी १८२३ मध्येच लोखंड व तांबे यांच्या जोडीचे एक विचित्र वर्तन नोंदविले होते. सांधा तापवीत नेला तर विद्युत् प्रथम वाढते, मग थबकते, मग उतरू लागते, आणि पुढे तर तिची दिशाच उलटते. म्हणजे एकाच विद्युत्दाबाला दोन तापमाने. सुई अमुक ठिकाणी आहे, यावरून भट्टी साधारण तापली आहे की अतिशय, याचा निवाडा करता येऊ नये! ज्याला कचेरीतील साक्षीपुराव्याचा थोडाबहुत अनुभव आहे, त्याला ही अडचण नवी वाटणार नाही. मोठ्या आवाजात बोलणारा साक्षीदार खराच असतो असे नाही. उलटतपासणीत जबानी फिरवितो तो कितीही बोलका असो, त्याच्या शब्दावर दस्तऐवज उभा राहत नाही. तपयुग्माच्या धातूंचा पुढील सारा इतिहास हा बोलक्या साक्षीदाराकडून विश्वासू साक्षीदाराकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे.

फ्रान्समध्ये आंत्वान बेकरेल यांनी १८२६ मध्ये सेबेकच्या शोधाचा उपयोग तापमापनाकडे करून घेण्याची दिशा दाखविली. त्यानंतर दहा वर्षांनी क्लोद पुये यांनी बंदुकीची लोखंडी नळी आणि प्लॅटिनमची तार यांची जोडी करून तीव्र उष्णता मोजावयास घेतली. लोखंड स्वस्त, सर्वत्र मिळणारे आणि बोलके. तेव्हा त्यांची निवड वरवर पाहता शहाणपणाचीच होती. पण हांरी व्हिक्तोर रेन्यो या अत्यंत काटेकोर प्रयोगकाराने १८४७ च्या सुमारास याच जोडीची कसून परीक्षा केली आणि तिचे आकडे आज एक तर उद्या दुसरे असे येतात, हे पाहून तपयुग्म ही पद्धतच सूक्ष्म मापनास निरुपयोगी ठरविली. रेन्यो यांचा शब्द त्या काळी अखेरचा मानला जाई, त्यामुळे ही विद्या कित्येक वर्षे बाजूस पडली. आंत्वान यांचे पुत्र एदमों बेकरेल यांनी १८६० नंतर प्लॅटिनम व पॅलेडियम यांची जोडी पुढे आणली, तेव्हा जस्ताच्या उत्कलनबिंदूवरून एक प्रसिद्ध वाद पेटला. देव्हील व त्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञांचा वायुतापमापक हजार अंशांच्या वरचा आकडा सांगे आणि बेकरेल नऊशेंच्या आसपास ठाम होते. आजचा मान्य आकडा ९०७ अंशांचा आहे. पण त्या वेळी दोन्ही पक्षांत मोठमोठी नावे होती आणि निर्णय देणारे तिसरे साधन कोणाजवळच नव्हते.

ही कोंडी फोडली ती पॅरिसच्या खाणविद्यालयातील हांरी ल शातेलिए यांनी. १८५० मध्ये जन्मलेले हे रसायनज्ञ सिमेंट व चिकणमाती तापविताना त्यांत काय घडते याचा अभ्यास करीत होते आणि त्यासाठी हजार अंशांच्या पलीकडील उष्णता त्यांना क्षणोक्षणी मोजावयाची होती. रेन्यो यांनी पद्धतीला दोष दिला होता; ल शातेलिए यांनी दोषाचा माग काढीत काढीत तो तारेपर्यंत नेला. लोखंड, निकेल किंवा पॅलेडियम यांची एकच सलग तार घेतली आणि ती मध्येच कुठे तापविली, तर दुसऱ्या धातूशी सांधा नसतानाही तिच्यातून चुकार विद्युत् वाहते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की ती तार दिसावयास एक असली तरी आतून एक नाही. तिच्या एका वावेत दहा निराळे धातू असल्यासारखे आहेत आणि भट्टीच्या उष्णतेने हे भेद अधिकच वाढतात. पॅलेडियमला आणखी एक खोड, की ते हायड्रोजन शोषून घेते आणि त्याबरोबर त्याचा स्वभाव पालटतो. म्हणून किती विद्युत् मिळते हा प्रश्न त्यांनी दुय्यम ठरविला आणि तार आरंभापासून शेवटापर्यंत एकसारखी राहते काय, हा प्रश्न पहिला केला.

या कसोटीला उतरली ती शुद्ध प्लॅटिनम आणि दहा टक्के ऱ्होडियम मिसळलेले प्लॅटिनम यांची जोडी. इरिडियमच्या मिश्रणाचाही पर्याय होता व अमेरिकेत कार्ल बॅरस यांनी त्याचा पुरस्कार केला होता. पण तीव्र उष्णतेत इरिडियम उडून जाते आणि शेजारची शुद्ध तार बाटविते, ऱ्होडियम तुलनेने जागचे हलत नाही. ही जोडी बोलते मात्र फार हळू. हजार अंशांस ती केवळ ९.६ मिलिव्होल्ट इतका दाब देते, आणि पुये-रेन्यो यांच्या काळी इतक्या क्षीण दाबाची विश्वसनीय नोंद घेणे दुरापास्त झाले असते. सुदैवाने १८८२ मध्ये द्यप्रे व दार्सोनव्हाल यांचा, क्षीण विद्युत् टिपणारा गॅल्व्हनोमीटर निघाला होता. ऐकणाऱ्याचे कान तीक्ष्ण झाले म्हणून हळू बोलणाऱ्या साक्षीदाराची जबानी घेणे शक्य झाले. त्यावर ल शातेलिए यांनी दुसरी शिस्त घातली. सूत्रे जुळवीत बसण्याऐवजी गंधकाचे उकळणे, सोन्याचे वितळणे अशा निसर्गातील ठाम टप्प्यांवर त्यांनी प्रत्येक तार पडताळून घेतली आणि मधले आकडे त्या टप्प्यांच्या आधाराने भरले. १८८६-८७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि पाचदहा वर्षांत लंडनच्या टाकसाळीचे रसायनज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी तेच साधन पोलादाच्या अभ्यासाला जुंपले. ज्या पद्धतीला रेन्यो यांनी बाद ठरविले होते, तिलाच १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान-श्रेणीत ६६० अंशांपासून सोन्याच्या वितळबिंदूपर्यंत, म्हणजे १०६३ अंशांपर्यंत, प्रमाणाचे स्थान मिळाले.

पण प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या तोडीचा खर्च, आणि कारखान्यात तारा शेकड्यांनी लागतात. तेव्हा स्वस्त धातूंपैकी विश्वासू कोण, हा शोध अपरिहार्य होता. आणि त्याला मिळालेली दोन्ही उत्तरे भलत्याच कामातून निघाली. अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन यांना विद्युत्मापक यंत्रांसाठी असा मिश्रधातू हवा होता, की ज्याचा विद्युत्रोध तापमानाने बदलू नये. १८८० च्या दशकात त्यांनी तांबे व निकेल यांच्या मिश्रणातून तो मिळविला. पुढे जर्मनीत त्याला कॉन्स्टंटन हे नाव पडले. त्यात एक व्यंग होते. तांब्याशी जोडले की तो उबेने लक्षणीय विद्युत् निर्माण करी, म्हणून सूक्ष्म रोधाच्या कामी तो मागे पडला आणि मॅंगॅनिन पुढे आले. तेच व्यंग तपयुग्माच्या दृष्टीने सद्गुण ठरले. तांबे-कॉन्स्टंटन आणि लोखंड-कॉन्स्टंटन या जोड्या आजही टी आणि जे या अक्षरांनी कारखान्याकारखान्यांत ओळखल्या जातात. दुसरे उत्तर ॲल्बर्ट मार्श यांचे. विजेच्या शेगड्यांसाठी न जळणारी तार शोधताना निकेल व क्रोमियम यांचे मिश्रण त्यांना गवसले आणि १९०६ मध्ये त्याचे पेटंट झाले. त्याच कुळातील क्रोमेल आणि निकेलमध्ये थोडे ॲल्युमिनियम, मॅंगॅनीज व सिलिकॉन घालून केलेले ॲल्युमेल, यांची जोडी म्हणजे आजचे के थर्मोकपल. हजार अंशांस ते ४१.३ मिलिव्होल्ट देते, प्लॅटिनमच्या जोडीच्या चौपटीहून अधिक. जगातील भट्ट्यांत सर्वाधिक राबणारी जोडी ती हीच.

महाराष्ट्रात या विषयाचा धागा लोखंडाच्या भट्टीपेक्षा आधी मातीशी जुळला, हे येथील प्रकृतीला साजेसेच झाले. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि १९३२ मध्ये तेथे कृषी-हवामानशास्त्राची शाखा उघडली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास हे कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली तयार झालेले. ढगांवाचून आणि वाऱ्यावाचून असलेल्या रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लागून असते, असे पाठ्यपुस्तके सांगत. रामदास व आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले, की उघड्या जमिनीवर ती सर्वांत थंड हवा पृष्ठभागाला लागून नसून एक-दोन वितींच्या उंचीवर असते. युरोपात यावर कोणाचा विश्वास बसेना. शास्त्र खोटे असण्यापेक्षा तापमापक खोटे असणे अधिक संभवनीय, असा आक्षेप निघाला. आणि तो निव्वळ दुराग्रह नव्हता, कारण रात्री तापमापक स्वतःही आकाशाकडे उष्णता उधळून हवेपेक्षा थंड होतो व मग हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगू लागतो. साधन जितके बारीक, तितका हा दोष कमी. केसाएवढ्या तारांच्या तपयुग्माचे महत्त्व अशाच जागी कळते. पुढे १९५० च्या दशकात राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच उघड्या जमिनीवर काळजीपूर्वक मापने करून रामदास खरे होते, हे दाखवून दिले आणि त्या थराला रामदास-थर हे नाव मिळाले. १९९० च्या दशकात बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सैद्धांतिक मीमांसा केली. याच रामदासांनी पुण्याच्या काळ्या मातीवर पांढरी भुकटी पसरून मातीचे तापमान उतरते, हेही प्रयोगाने सिद्ध केले होते, आणि ती माती परभणीच्या मातीची सख्खी बहीण.

परभणीला ही विद्या संस्थांच्या रूपाने आली ती हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर. १९५६ मध्ये येथे कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, जे आता वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून परभणीचा नीचांक छापून येतो, त्यात या विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा बहुधा असतोच. कृषी-वेधशाळेत मातीचे तापमान पाच, दहा आणि वीस सेंटिमीटर खोलीवर घेण्याचा शिरस्ता आहे. या खोलीवर ज्याला तार पुरावयाची आहे, त्याने जोडी कोणती निवडावी? उष्णता साठ-सत्तर अंशांपलीकडे जावयाची नाही, पण ओल मात्र आषाढापासून कार्तिकापर्यंत सुटावयाची नाही. अशा जागी लोखंड-कॉन्स्टंटन अधिक बोलके असूनही त्याज्य, कारण भरीच्या काळ्या रानात पुरलेले लोखंड एका पावसाळ्यात गंजते आणि गंजलेली तार पूर्वीची तार राहत नाही. तांबे-कॉन्स्टंटन येथे योग्य. दोन्ही तारा ओलीला टिकतात, तांबे सहज शुद्ध मिळते, आणि पानाच्या पाठीला लावण्याजोगी बारीक तारही त्यातून ओढता येते. पण हीच जोडी भट्टीत घातली, तर साडेतीनशे-पावणेचारशे अंशांपुढे तांबे जळू लागते.

भट्टी पाहावयाची तर फार दूर जावे लागत नाही. सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्याचे पाणी ज्या परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्राला जाते, त्याच्यासारख्या केंद्रांच्या संचांत वाफ ५४० अंशांच्या आसपास असते. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत होता, आणि उसाच्या भुश्श्यावर पेटणाऱ्या तेथल्यासारख्या बॉयलरची आगही डोळ्यांनी जोखण्याजोगी नसते. उसाच्या रसाचे तापमान शंभराच्या आतबाहेर, तेथे प्लॅटिनमच्या रोधावर चालणारा तापमापक अधिक अचूक; पण धुराच्या वाटेवर आणि वाफेच्या नळ्यांच्या अंगावर के थर्मोकपलच लागते. त्यालाही एक गुप्त व्याधी आहे. जेथे प्राणवायू तुटपुंजा असतो, अशा आगीत सुमारे आठशे ते हजार अंशांच्या दरम्यान क्रोमेलमधील क्रोमियम तेवढे निवडून गंजते, तार हिरवट होते आणि विद्युत्दाब घटत जातो. भट्टी तापलेली असते व काटा मात्र ती निवाल्याचे सांगतो, आणि अटेंडंट आणखी भुस्सा घालतो. बंद नळीत सुरक्षित ठेवलेली तार उघड्या हवेतल्या तारेपेक्षा लवकर बिघडते, हे ऐकताना उलटे वाटते, पण बारीक नळीत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू लवकर संपतो, हेच त्याचे कारण. नोएल बर्ली या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात सिलिकॉनयुक्त निक्रोसिल व निसिल ही नवी जोडी पुढे आणली, ती याच तऱ्हेच्या बदलांवर उपाय म्हणून. प्लॅटिनमची जोडी अशा विकारापासून मुक्त, पण तिला उघडी पोलादी नळी सोसत नाही. धातूंच्या वाफांनी व सिलिकॉनने ती विषबाधा झाल्याप्रमाणे ठिसूळ होते, म्हणून तिला शुद्ध ॲल्युमिनाच्या नळीतच वागवावे लागते.

आणि धातू कितीही योग्य निवडला, तरी परभणीसारख्या मुलखात आणखी एक दक्षता चुकविता येत नाही. तपयुग्म भट्टीचे तापमान सांगत नाही; भट्टीतील सांधा आणि दुसरे टोक यांच्यातील फरक सांगते. छापील कोष्टके दुसरे टोक शून्य अंशांवर, म्हणजे बर्फात आहे असे धरून केलेली असतात. पॅरिसच्या हिवाळ्यात ही चूक लहान असे. मे महिन्यात आपल्याकडील पत्र्याच्या शेडखालील पॅनेल मात्र सहज चाळीस अंशांवर असते. के थर्मोकपलचा सांधा पाचशे अंशांवर असेल, तर कोष्टकाप्रमाणे २०.६४ मिलिव्होल्ट यावयास हवेत. पण चाळीस अंशांच्या टोकापायी १.६१ वजा होऊन १९.०३ उरतात आणि भरपाई केली नाही तर आकडा ४६२ अंशांचा निघतो. म्हणून यंत्रातच भरपाईची तजवीज असते, आणि भट्टीपासून पॅनेलपर्यंत त्याच स्वभावाची कॉम्पेन्सेटिंग केबल ओढावी लागते. ती सोडून साधी तांब्याची तार लावली, तर ज्या टोकाचा हिशेब यंत्र घेत असते ते टोक भट्टीच्या तोंडाशी सरकते, आणि तेथील उष्णता कोणीच मोजत नसतो. अमेरिकी पद्धतीच्या केबलमध्ये लाल तार ही ऋण असते, धन नव्हे. वीजकामात मुरलेला मिस्त्री सवयीने ती उलटी जोडतो आणि दोष थर्मोकपलच्या माथी मारतो.

दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा २१ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि तापमानाची प्रमाणे राखण्याचे काम के. एस. कृष्णन यांच्या संचालकत्वाखाली देशातच होऊ लागले. पुढे १ जानेवारी १९९० रोजी अमलात आलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय श्रेणीने ल शातेलिए यांच्या जोडीला प्रमाणाच्या आसनावरून उतरविले, चांदीच्या ९६१.७८ अंशांच्या गोठणबिंदूपर्यंत प्लॅटिनमच्या रोधाचा तापमापक आणि त्याच्या वर प्रारणाचा नियम यांना तो मान मिळाला. सहा दशके ज्याचा शब्द प्रमाण होता, त्या साक्षीदारापेक्षा अधिक खरा साक्षीदार सापडला, इतकाच त्याचा अर्थ. ल शातेलिए यांची कसोटी मात्र बदललेली नाही, आणि जो कोणी परभणीच्या रानात किंवा साखर कारखान्यात तार निवडावयास बसेल, त्याला ती आजही जशीच्या तशी लागू पडते. सर्वांत महाग धातू कोणता आणि सर्वांत अधिक मिलिव्होल्ट कोण देतो, हे प्रश्न त्याने मागाहून विचारावेत. आधी उष्णता किती चढणार, भोवती ओल आहे की धूर, प्राणवायू मुबलक आहे की तुटपुंजा, आणि या परिस्थितीत वर्षभर राहूनही कोणती तार आपला स्वभाव पालटणार नाही, हे ठरवावे. मग हंगाम सुरू होण्यापूर्वी ती एकदा पडताळून घ्यावी, दुसऱ्या टोकाचे तापमान जाणून घ्यावे, आणि मगच काट्यावर विश्वास टाकावा.